भिलाईची भट्टी आणि बुद्धिबळाचा पट

मागचा लेख लिहून बरेच दिवस झाले. पोस्टिंग बदललं. सध्या मुक्काम भिलाई. एनसीसी बटालियनला पीआय स्टाफ म्हणून आलोय. सकाळी कॅडेटना ड्रिल, दुपारी कागदपत्रं, संध्याकाळी मोकळा. पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीत इतकी मोकळी संध्याकाळ कधी मिळाली नव्हती. आणि त्या मोकळ्या वेळेनंच घात केला. मोबाईलवर बुद्धिबळ सुरू झालं.

आधी गाव सांगतो. रात्री गच्चीवर उभं राहिलं की कारखान्याच्या बाजूचं आकाश मध्येच तांबडं होतं. गरम मळी ओतली की तसा उजेड पडतो, असं इथले लोक सांगतात. भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात या कारखान्याचा करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये. आजूबाजूला भातशेती आणि खेडी. लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरातून आणायचं आणि वर्षाला दहा लाख टन पोलाद काढायचं, असा बेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. रशियन इंजिनिअर इथे येऊन राहिले. त्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली काढलेली मैत्री बाग आजही रविवारी गर्दीनं भरते.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य १७४१ मध्ये रतनपुरावर आलं, पुढे बिंबाजी भोसले तिथूनच छत्तीसगडचा कारभार बघत होते. आज दुर्ग स्टेशनवरून गाडीत बसलं की राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, भंडारा रोड आणि नागपूर. भिलाईच्या सेक्टरमध्ये फिरताना दारावर तोरण आणि आतून मराठी हाक ऐकू आली की पाय आपोआप थांबतात.

आता मूळ गोष्ट. आठ महिने रोज खेळलो. रोज दहा-बारा डाव. रेटिंग ११८० वर होतं, वाढून १२४० झालं, पुन्हा ११८०. पुन्हा वर, पुन्हा खाली. ओपनिंगचे व्हिडिओ बघितले, कोडी सोडवली, तरी तेच. एका रात्री सलग सात डाव हरलो. सातव्यात जिंकत आलेल्या डावात वजीर फुकट दिला. मोबाईल गादीवर आपटला. शेजारच्या खाटेवरचा साथी उठून बसला आणि म्हणाला, "गावाकडून काही वाईट खबर आहे का?" लाजेनं काही बोललो नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख लिहिलाच नसता. माझा मुलगा सातवीत आहे, तासगावच्या बाजूला आमच्या गावी. तोही खेळतो. मीच शिकवलं. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत तो पहिल्या दिवशी तीन डाव हरला. रात्री फोनवर त्यानं एक डाव सांगितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं सोपं कसं दिसलं नाही रे तुला? डोकं कुठं होतं?" तो गप्प झाला. आठ दिवसांनी बायको म्हणाली, "त्यानं पट माळ्यावर टाकलाय. विचारलं तर म्हणतो, मला येत नाही." त्याच रात्री मी तो वजीर फुकट दिला होता. म्हणजे जे मला चाळिशीला आलो तरी दिसत नव्हतं, ते बारा वर्षांच्या पोराला का दिसलं नाही म्हणून मी त्याला झाडलं होतं.

सांगली जिल्ह्यात बुद्धिबळ घरातलंच. सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर ही नावं आमच्याकडे कुस्तीच्या वस्तादासारखी घेतली जातात. पण मी तिथं शिकलो नाही. मी शिकलो पारावर, आजोबांकडून, जुन्या देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसला नसेल तर राजा एकदा घोड्याची उडी मारायचा. फौजेत भरती झाल्यावर युनिटच्या रिक्रिएशन रूममध्ये पहिला डाव मांडला आणि मी ऐटीत राजाची उडी मारली. सगळे हसले. मग समोरच्यानं माझं प्यादं जाता जाता तिरकं उचललं. मी भांडायला उठलो. तेव्हा कळलं की आपण शिकलो तो खेळ आणि जग खेळतं तो खेळ वेगळे आहेत.

हेच दुखणं एका फार मोठ्या माणसाला झालं होतं. पंजाबातल्या मिठा तिवाण्याचे मीर सुलतान खान. तेही देशी नियमांनी खेळतच मोठे झाले. सर उमर हयात खान यांच्या पदरी होते. १९२८ मध्ये त्यांनी अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९२९ मध्ये मालकाबरोबर लंडनला गेले. तिथं त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली. तीत ते बरोबरीनं शेवटचे आले! ओपनिंगची पुस्तकं वाचलेली नाहीत, नियम नवे, थंडी सोसवत नाही, वरचेवर ताप आणि सर्दी. विंटर आणि येट्स या इंग्लिश खेळाडूंबरोबर सराव केला आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद पटकावलं. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवलं.

त्यांच्या आयुष्यातला एक मराठी धागा फारसा कुणी सांगत नाही. भारतात परत आल्यावर १९३५ मध्ये त्यांचा सामना झाला व्ही. के. खाडिलकर यांच्याशी. दहा डाव झाले. खाडिलकरांना त्यातून फक्त एक बरोबरी मिळाली, बाकी नऊ डाव गेले. हे वाचलं तेव्हा मी माझे सात डाव आठवले आणि मोबाईल हळूच खाली ठेवला. ज्या माणसाला सुलतान खानांसमोर बसवण्याच्या लायकीचा समजलं गेलं, त्याच्या वाट्याला दहातला अर्धा गुण. सुलतान खानांनी मात्र नंतर स्पर्धा सोडल्या, गावी शेती बघितली आणि १९६६ मध्ये गेले. ग्रँडमास्टर ही पदवी फिडेनं त्यांना दिली ती २०२४ मध्ये.

भिलाईचा करार झाला त्याच १९५५ साली आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते. इकडे पोलादाचा पाया घातला जात होता, तिकडे बुद्धिबळाचा. आणि ज्या देशाचे इंजिनिअर इथे भट्टी उभी करत होते, त्याच देशातला एक इंजिनिअर त्या वर्षांत हरत आणि परत उठत होता.

मिखाईल बॉटविनिक. शिक्षणानं आणि पेशानं विद्युत अभियंता. १९५७ मध्ये जगज्जेतेपद स्मिस्लॉवकडे गेलं, साडेबारा विरुद्ध साडेनऊ. १९५८ मध्ये परत मिळवलं. भिलाईची भट्टी पेटून वर्ष होतंय तोवर, १९६० मध्ये, तेवीस वर्षांच्या मिखाईल तालनं त्यांना साडेबारा-साडेआठनं धुतलं. लोक म्हणाले, म्हातारा संपला. १९६१ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी तालला तेरा-आठनं हरवून पद परत आणलं. तालची तब्येत तेव्हा ठीक नव्हती हे खरं. पण मधल्या वर्षात बॉटविनिक काय करत होते हेही खरं. ते हरलेले डाव घेऊन बसले होते. स्वतःचे डाव लिहून काढायचे, चूक कुठे झाली ते प्रामाणिकपणे नोंदवायचं, आणि ती टिपणं छापून लोकांसमोर ठेवायची, म्हणजे दुसरा कुणी तुमची चूक पकडेल. ही त्यांची पद्धत. सरावालाही ते लढाईसारखी परिस्थिती उभी करत. रागोझिनबरोबरच्या सरावाच्या डावांत तोंडावर सिगारेटचा धूर सोडायला लावत असत, असं सांगतात. फौजी माणसाला हे लगेच पटतं. पावसात फायरिंग केली नाही तर पावसात नेम लागणार नाही.

मला ही पद्धत समजावली ती कुठल्या पुस्तकानं नाही. सिव्हिक सेंटरच्या बाजूला संध्याकाळी बाकावर पट मांडून बसणारे एक काका आहेत. रेल मिलमधून रिटायर झालेले. वडील गोंदियाहून इथे कारखान्यात लागले. काकांची मराठी गोंदियाची, मध्ये मध्ये छत्तीसगढी. पहिल्याच दिवशी मला तीनदा हरवलं आणि विचारलं,

"काऊन जी हवालदार साहेब, का हरले सांगा बरं?"

"काका, लक्ष नव्हतं."

"तीनही वेळेस?"

"होय, वजीर बघायचा राहिला, मग घाई झाली..."

"मंग लक्ष नव्हतं असं नका म्हणू ना जी. लक्ष होतं, पण दुसरीकडं होतं. कुठं होतं ते शोधा." असं म्हणून त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. आत निळ्या शाईत डाव लिहिलेले. प्रत्येक डावाखाली एक ओळ. 'उंट बघितला नाही.' 'जिंकलो समजून घाई.' 'भीतीनं वजीर बदलला.' "जिंकलेले डाव मी लिहीत नाही," ते म्हणाले, "ते आठवतातच."

खोलीवर येताना डोक्यात एकदम रेंज आठवली. मी स्वतः कॅडेटना रोज शिकवतो ते मीच विसरलो होतो.

रायफल हातात आली की आपण आधी काय करतो? ग्रुपिंग. पाच राउंड एकाच जागी नेम धरून मारायचे. मग टारगेटपाशी जाऊन बघायचं. एका गोळीवरून काही ठरवायचं नाही. पाचही गोळ्या जवळजवळ पडल्या, पण डावीकडे, तर फायररचा दोष नाही, साईट सरकवायची. गोळ्या चहूकडे विखुरल्या तर साईटला हात लावायचा नाही. श्वास, पकड, ट्रिगर यात दोष आहे. नवा कॅडेट काय करतो? पहिली गोळी डावीकडे गेली की पुढची उजवीकडे धरतो, ती उजवीकडे गेली की परत डावीकडे. पाच राउंड संपतात आणि त्याला काहीच कळत नाही. मी बुद्धिबळात आठ महिने हेच केलं. एक डाव हरलो की ओपनिंग बदललं. दुसरा हरलो की दुसरा व्हिडिओ.

मग रेटिंगचा हिशोब मांडून बघितला. ही पद्धत अर्पाद एलो या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची. फिडेनं ती १९७० मध्ये स्वीकारली. त्यात रेटिंग म्हणजे बक्षीस नव्हे, अंदाज. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्यानं १०० डावांत साधारण ७६ गुण घ्यावेत, खालच्यानं २४. म्हणजे तुमच्यापेक्षा बराच कच्चा माणूसही तुम्हाला अधूनमधून हरवणारच, आणि ते हिशोबात धरलेलं आहे. फिडेच्या नेहमीच्या हिशोबात बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर १० गुण वाढतात, हरलं तर १० जातात. आता नाणं घ्या आणि २० वेळा उडवा. असं अनेकदा केलं तर निम्म्या वेळा निकाल १२-८ किंवा त्याहूनही एकतर्फी येतो. डावात १२-८ म्हणजे ४० गुण इकडचे तिकडे. म्हणजे मी १२४० झालो म्हणून मिश्या पिळत होतो आणि ११८० झालो म्हणून मोबाईल आपटत होतो, ते बरंचसं नाण्याचं उडणं होतं. शिवाय समोरचेही शिकतच असतात. तुम्ही दोघं सारखेच सुधारलात तर आकडा जागेवरच राहतो, माणूस मात्र पुढे गेलेला असतो.

शिकणं इतकं हळू का, यावरही काम झालेलं आहे. आद्रियान द ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या खेळाडूंना विचार करताना बोलायला लावलं. लोकांना वाटायचं की ते वीस चाली पुढचं बघतात. तसं काही निघालं नाही. ते चांगल्या खेळाडूंपेक्षा फार खोल बघत नव्हते. पट बघताच नेमकं कुठे बघायचं हे त्यांना कळत होतं. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी अमेरिकेत दाखवलं की खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर पट्टीचा खेळाडू बरीचशी मोहरी जागेवर परत मांडतो. पण मोहरी कशीही विखरून ठेवली तर त्याची ती करामत जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे स्मरणशक्ती दैवी नाही, ओळखीचे नमुने भरपूर आहेत. डोळे बांधून एलएमजी खोलणारा जवान आठवा. त्याच्या बोटांना प्रत्येक पुर्जा ओळखीचा असतो. ती ओळख एका महिन्यात होत नाही, आणि होत असताना जाणवतही नाही.

धीर धरण्याचं घरचं उदाहरण हवं असेल तर प्रवीण ठिपसे. जन्म १९५९, म्हणजे भिलाईच्या भट्टीचेच समवयस्क. १९८४ मध्ये इंटरनॅशनल मास्टर, १९८५ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं विजेतेपद. तेव्हा भारतात एकही ग्रँडमास्टर नव्हता. १९८८ मध्ये दहा वर्षांनी लहान असलेले आनंद पहिले ग्रँडमास्टर झाले. १९९१ मध्ये दिब्येंदू बरुआ दुसरे. ठिपसे तिसरे झाले १९९७ मध्ये, अडतिसाव्या वर्षी. मधली तेरा वर्षं मोजा. आपण तेरा आठवड्यांत हात टेकतो.

काहींच्या वाट्याला तर हरण्याचीही संधी सहज येत नाही. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती जिंकल्या. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. पुरुष खेळाडूंनी आक्षेप घेतला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं की महिलांना अशा स्पर्धेतून अडवता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. आज नागपूरची दिव्या देशमुख जगभर खेळते, त्या वाटेवरचे काटे आधी कुणीतरी काढलेले आहेत. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला दिव्यानं अंतिम फेरीत कोनेरू हम्पींना टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्या स्पर्धेत उतरताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विजेतेपदाबरोबर पदवी थेट मिळाली. त्या संध्याकाळी भिलाईच्या बाकावर काकांनी पेढे वाटले. गोंदियाच्या माणसाला नागपूर म्हणजे घरच.

आता माझं. वही घेतली. नियम तीन केले. दिवसाला दोनच डाव, तेही सावकाश. हरलेला डाव लिहायचा, खाली एक ओळ. आणि सलग दोन हरलो तर मोबाईल बंद. वीस हरलेले डाव झाल्यावर टारगेटपाशी गेल्यासारखं बसलो आणि ग्रुपिंग बघितलं. वीसपैकी अकरा डावांत मी आधी जिंकत होतो! ओपनिंगचा दोष कुठेच नव्हता. जिंकत आलो की मी समोरच्याची चाल बघणं सोडत होतो. आठ महिने व्हिडिओ बघून जे कळलं नाही ते वीस पानांनी सांगितलं. साईट कुठे सरकवायची ते कळलं.

रेटिंग? १२६०. फार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा १२०० होईल कदाचित. पण आता सातवा डाव मी खेळतच नाही, आणि शेजारचा साथी शांत झोपतो.

त्या वीस पानांचे फोटो मी मुलाला पाठवले. माफी मागायला शब्द सुचत नव्हते, म्हणून वहीच पाठवली. पंधराव्या पानावर लिहिलं होतं, 'वजीर फुकट दिला. डोकं कुठं होतं?' दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"पप्पा, तुम्ही एवढे हरता?"

"याच्यापेक्षा जास्त. ही फक्त लिहिलेली पानं."

जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "नवव्या डावात हत्ती तिथं ठेवायचा नव्हता. घोडा आधी मारायला पाहिजे होता."

पट लावून बघितलं. पोराचं बरोबर होतं. मी ते वहीत त्याच्या नावानं लिहून ठेवलं. मग घाबरत विचारलं, "तुझे ते तीन डाव आठवतात का रे?"

"दोन आठवतात," तो म्हणाला. "तिसरा लिहून ठेवलाय."

दिवाळीला छुट्टी मंजूर झाली तर दोन्ही वह्या एकत्र घेऊन बसणार आहोत. पट माळ्यावरून खाली आलाय, असं घरून कळलं.

तुमच्यापैकी कुणी खेळत असेल, किंवा खेळणंच कशाला, काहीही शिकताना अडकला असेल, तर एका गोळीवर जाऊ नका. पाच मारा, मग टारगेटपाशी चालत जा. आणि घरातलं पोर हरून आलं तर आधी आपली वही काढा.

जय हिंद. पुढच्या पत्रात दल्ली-राजहराच्या खाणीबद्दल लिहीन.